मिक्सरचा पॉइंट

“तिथं नको गं बाई. तिथं देवाची पाठ आहे.”

माझ्या हातातला खडू भिंतीवर टेकलेला तसाच राहिला.

“देवाची पाठ?”

“पलीकडं देवघर आहे ना. देव या भिंतीला पाठ लावून बसलेत. इथं छिन्नी चालवली की देव हादरतात.” मालतीकाकू पदर खोचून दारात उभ्या होत्या. “गवंड्यालाही सांगून ठेवलंय, या भिंतीला टाचणीसुद्धा लावायची नाही.”

ही गोष्ट विट्याची, निरंजनच्या घरची. तीन आठवड्यांपूर्वी आमचा साखरपुडा झाला होता आणि लग्नाला दोन महिने होते. घरात दुसरी सून येणार म्हणून त्यांनी घराच्या मागच्या अंगाला नवं स्वयंपाकघर काढलं होतं. तीन भिंती नव्या, चौथी जुन्या घराची, म्हणजे हीच देवाच्या पाठीची. ओट्याला काळा ग्रॅनाइट घालायचा की हिरवा, एवढंच ठरवायला मला सांगलीहून बोलावलं होतं. लग्नाआधी मी सासरचा उंबरा ओलांडणं माझ्या आईला मुळीच पसंत नव्हतं. पण काकूंनी, म्हणजे निरंजनच्या आईनं, फोनवर तीनदा आग्रह केला, तेव्हा सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं मुकाट परत यायचं, या बोलीवर तिनं मला सोडलं.

ग्रॅनाइट मी दोन मिनिटांत पसंत केला. काळा. मग माझी नजर खिडकीखाली गेली आणि तिथंच अडकली. मी तेव्हा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवत होते, आजही शिकवते. लोक कुणाच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो बघतात, मी बोर्ड बघते. खिडकीखाली सिंकची जागा सोडली होती, नळाचा पाइप वर आला होता, आणि नळाच्या बरोबर डोक्यावर, वीतभर अंतरावर, वायरमननं कोळशानं एक चौकोन काढून आत लिहिलं होतं, ‘मिक्सर’.

“मिक्सरचा पॉइंट नळावर कुणी काढायला सांगितला?” मी विचारलं.

“मीच,” काकू म्हणाल्या. “खिडकीपाशी उजेड असतो. वाटण नीट दिसतं.”

“काकू, नळाचं पाणी उडणार. ओल्या हातानं बटन दाबलं जाणार. मिक्सर सिंकपासून निदान दोन हात तरी लांब पाहिजे.” मी खडूनं दाखवलं. “इथं मिक्सर, ओट्याच्या वर एक हात. फ्रिजला वेगळा पॉइंट, त्या कोपऱ्यात. गॅसच्या मागं काहीच नको, वायर वितळते. आणि एक पॉइंट जादा ठेवू, पुढं लागतोच.”

दोन हात लांब गेलं की ती देवाची भिंत येत होती. मी म्हटलं, छिन्नी नको असेल तर वरून पट्टी मारून तिच्यातून वायर नेऊ. पट्टीला स्क्रू लागतात म्हटल्यावर काकूंनी कानाला हात लावले. मग मी म्हटलं, सिंकच सरकवू. तर सांडपाण्याचा पाइप जमिनीत कधीच पुरला होता.

निरंजन तिथंच वाळूच्या ढिगावर टेकून हसत होता. “आई, तू सून आणायला गेलीस आणि इन्स्पेक्टर घेऊन आलीस.”

“हसू नका,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा त्यांना. तुम्हाला कळतंय सगळं.”

त्याला कळत होतंच. तो जवळच्या साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. आमचं लग्न ठरलं तेच मुळी दोघं एकाच क्षेत्रातले म्हणून. सकाळी एसटी स्टँडवरून घरी आणताना मोटरसायकलवर त्यानं मला कारखान्याला मिळालेल्या सुरक्षेच्या ढालीची गोष्ट सांगितली होती. तीनशे दिवस एकही अपघात नाही, आणि त्यात त्याच्या खात्याचा वाटा मोठा. मी मागं बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात फुलत होते, हे कबूल करायला हवं. मला तो फार आवडला होता. त्याचे हात मला विशेष आवडले होते, लांब बोटांचे, स्वच्छ नखांचे. तीन आठवडे मी त्या हातांचा विचार करत होते.

“बघू या गं,” तो म्हणाला. “आधी चहा घे.”

“बघू या कशाला? एक बोर्ड पुरे की,” काकू म्हणाल्या. “जुन्या बोर्डावरूनच इकडं लाईन ओढायची आहे. आणि तू काळजी करू नकोस. तुझी सोय केलीय मी. चल, दाखवते.”

त्या मला हात धरून जुन्या घरात घेऊन गेल्या. कपाटामागून त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. सागवानी पाट होता. नवाकोरा, तेल पाजलेला, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं आणि मधोमध कोरलेलं स्वस्तिक. नेहमीच्या पाटापेक्षा चांगला चार बोटं उंच होता.

“तुझ्यासाठी मुद्दाम करून घेतला,” काकू म्हणाल्या. “पहिल्या सुनेला दिला, मग दुसरीला नको?”

मला भरूनच आलं. आमच्या घरी पाट म्हणजे तीन फळ्यांचे, डुगडुगणारे. मी तो उलटा करून बघितला. चारी पायांना जाड काळ्या रबराचे चौकोन ठोकले होते. फरशीला चरे पडू नयेत म्हणून असतील, असं मला वाटलं. एवढा बारीक विचार करणारी सासू मिळाली म्हणून मी वाकून नमस्कार केला.

त्या वर्षी भारनियमन कडक होतं. विट्यात सकाळी चार तास आणि दुपारी तीन तास लाईट नसायची. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि एक वाजता लाईट आली. सगळं घर एकदम जागं झालं. बाहेर पाण्याची मोटर सुरू झाली. नव्या भिंतींवर पाणी मारायला गवंड्यानं नळी हातात घेतली. काकूंनी सोप्यावर टीव्ही लावला, त्यांची मालिका पुन्हा दाखवत होते. आणि माजघरातून उज्ज्वलावहिनी धावतच स्वयंपाकघरात गेल्या, कारण लाईट आहे तोवर वाटण करून घ्यायला हवं होतं.

उज्ज्वलावहिनी म्हणजे थोरल्या हेमंतदादांच्या बायको, माझ्या होणाऱ्या जाऊबाई. सकाळपासून त्या माझ्याशी जेमतेम चार वाक्यं बोलल्या होत्या. दादा कापडदुकानात होते. मी म्हटलं, चला, जाऊबाईंना मदत करावी, आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.

वहिनींनी खोबरं, कांदा, लसूण मिक्सरच्या भांड्यात घातलं. पदराला हात पुसले. मग खाली वाकून एकेक पाऊल पदरानं कोरडं केलं. ओट्याखालून एक पाट ओढला आणि त्यावर चढल्या. तो पाटही माझ्या पाटाएवढाच उंच होता, पण जुना, काळा पडलेला, आणि मधोमध दोन पावलांच्या आकाराचं लाकूड झिजून पिवळं झालेलं. मग त्यांनी लाटणं उचललं आणि लाटण्याच्या टोकानं भिंतीवरचं बटन दाबलं.



“वहिनी, लाटणं कशाला?”

“त्या बटनाला ओल असते.”

“आणि पाट?”

डावा हात त्यांनी भांड्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर ठेवला होता, मिक्सरला कुठंही अंग लागणार नाही अशा बेतानं. “काही नाही गं. जरा चावतं.”

माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसायची, पण टेस्टर कायम असायचा. मी तो काढला आणि मिक्सरच्या स्टीलच्या अंगाला लावला. दिवा लालभडक पेटला.

“किती दिवस चावतंय हे?”

“तीन वर्षं झाली असतील. मिक्सर बदलला, नवा आणला, तोही चावतो. पावसाळ्यात जरा जास्त. पाटावर उभं राहिलं की तेवढं लागत नाही. फक्त पाय कोरडे पाहिजेत.”

“मग चप्पल घाला की.”

“स्वयंपाकघरात चप्पल?” वहिनी पहिल्यांदाच हसल्या. “आईंना चालेल का? म्हणून तर पाट दिला त्यांनी.” आणि मग अगदी साध्या, बोलून टाकल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “तुझ्या पाटाला रबर तरी लावलंय. माझ्याला नव्हतं. भावजींनी सांगितलं म्हणून तुझ्याला सुताराकडून लावून घेतलं.”

भावजी म्हणजे निरंजन.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, पण मला आग वगैरे काही झाली नाही. मला शिसारी आली. अन्नात काहीतरी निघावं आणि आपण त्यातला अर्धा घास आधीच गिळलेला असावा, तशी. मी त्या पाटासाठी नमस्कार करून बसले होते. आईला फोन करून सांगणार होते की बघ, किती हौसेनं करून घेतलाय.

मी मिक्सर बंद केला, प्लग उपसला आणि टेस्टरच्या टोकानं बोर्डाचे स्क्रू सैल करून आत बघितलं. बोर्ड सिंकच्या अगदी शेजारी होता. आतली पेटी गंजलेली, भिंत ओली, काळी. तिसऱ्या भोकाची हिरवी वायर, जी जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जायला हवी, ती चार बोटं जाऊन भिंतीतच संपली होती. बटन दाबलं की त्या ओलीतून वीज तिच्यात उतरत होती आणि प्लगवाटे सरळ मिक्सरच्या अंगात जात होती. जी वायर माणसाला वाचवायला असते तीच चावत होती.

“वहिनी, पण हे झाल्यावर लाईट जायला पाहिजे. घराला सुरक्षेचा खटका नाही?”

“आहे ना. पूर्वी जायचीच लाईट,” वहिनी म्हणाल्या. “आता नाही जात. भावजींनी दुरुस्त केलं.”

मेन बोर्ड माजघरात होता. मी झाकण उघडलं. आत ती पांढरी डबी होती, चांगल्या प्रतीची, चालू. हिला सगळे ईएलसीबी म्हणतात. वीज कुठूनही गळायला लागली, माणसाच्या अंगातून जायला लागली, की पापणी लवायच्या आत ती लाईन तोडते. मी वायरींवरून बोट फिरवत गेले. सोपा, या डबीतून. झोपायच्या खोल्या, या डबीतून. पाण्याची मोटर, या डबीतून. न्हाणीघर, या डबीतून. दोनच वायरी डबीच्या आधीच वेगळ्या काढल्या होत्या आणि तिला वळसा घालून थेट गेल्या होत्या. त्यांच्या खटक्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी होती, ‘किचन’.

“काय शोधतेस?” निरंजन मागं येऊन उभा राहिला होता.

“स्वयंपाकघर बाहेरून कुणी घेतलंय?”

“मीच.”

इतक्या सरळ आवाजात म्हणाला, की मला वाटलं प्रश्न त्याला समजलाच नाही.

“का?”

“अगं, सारखी पडायची. आधीच लाईट आठवणीपुरती. त्यात वहिनींनी मिक्सरला हात लावला की खट्. टीव्ही बंद, पंखा बंद, मोटर बंद. दिवसातून चार-चार वेळा. आई ओरडायची, दादा जेवणावरून उठायचा. वहिनींनाच बोलणी बसायची. मग एका रविवारी बसलो आणि किचन वेगळं काढलं. तेव्हापासून घरात शांतता आहे.”

“ती का पडत होती, तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की. भिंतीत ओल आहे. पण वायर देवघराच्या भिंतीतून आलीय. भिंत फोडायला आई तयार नाही. आता आईशी कोण वाद घालणार?”

“नव्या स्वयंपाकघराची लाईन याच बोर्डावरून ओढणार आहात.”

“हो. इथून जवळ पडतं.”

“आणि मिक्सर पुन्हा सिंकवर.”

“मेघना, आईनं एकदा मनावर घेतलं की…” त्यानं हात उडवले, माझ्या आवडीचे ते हात. “आणि मी काळजी घेतली नाही असं नाही. तुझ्या पाटाला रबर लावलंय ना, ते कारखान्यात मोठ्या पॅनेलपुढं अंथरतात ते आहे. अकरा हजार व्होल्टला टिकतं. खास तुझ्यासाठी आणलं.”

त्याचा चेहरा चांगला होता, सांगताना उजळलेला. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझ्यासाठी काहीतरी केलंय. तो दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

“कारखान्यात एखाद्यानं असा वळसा घातला तर तुम्ही काय कराल?” मी विचारलं.

“सस्पेंड करीन,” तो हसून म्हणाला. “पण कारखाना वेगळा गं. तिथं तपासणीला माणूस येतो.”

त्या माणसाच्या इतक्या जवळ उभं राहायचंही मला नकोसं झालं. मी मेन खटका पाडला.

सोप्यावरून काकूंचा आवाज आला, “गेली का गं लाईट? आत्ता तर आली!”

“मी पाडलीय, काकू. पाच मिनिटं.”

किचनच्या त्या दोन्ही वायरी मी सोडवल्या आणि डबीच्या पलीकडे, जिथं घरातल्या इतर सगळ्या वायरी होत्या, तिथं जोडल्या. निरंजन म्हणाला, “अगं, काय करतेस?” पण त्यानं मला अडवलं नाही. बहुतेक त्याला मजा वाटत असावी. मेन चालू केला. टीव्ही बोलायला लागला, मोटर घरघरली. मग मी स्वयंपाकघरात गेले, बोर्डाचे स्क्रू आवळले, प्लग घातला आणि वहिनींना म्हटलं, “दाबा बटन.”

“मी?”

“लाटण्यानंच दाबा.”

वहिनींनी बटन दाबलं, आणि माजघरात खट् आवाज झाला. मिक्सर फिरलासुद्धा नाही. टीव्ही अर्ध्या वाक्यात थांबला. मोटर थांबली. पंखा हळूहळू मंदावत उभा राहिला. मागून गवंडी ओरडला, “ताई, पाणी गेलं!”

काकू आत आल्या. “हे काय? पुन्हा सुरू झालं का ते?”

“वहिनी,” मी त्यांच्याकडेच बघून म्हटलं, “पूर्वी तुम्ही मिक्सर लावला की लाईट जायची ना? ती तुमच्यामुळं नाही जायची. तुमच्यासाठी जायची. दर वेळी ती डबी तुम्हाला सोडवत होती. दिवसातून चार वेळा. आणि मग या लोकांनी तुम्हाला तिच्यातून काढून टाकलं. टीव्ही आत आहे, मोटर आत आहे. फक्त तुम्ही बाहेर आहात.”

वहिनी लाटणं हातात धरून पाटावर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे तीन वर्षं…?” आणि निरंजनकडं बघितलं.

“अहो वहिनी, ती वाढवून सांगतेय,” तो म्हणाला. “काही झालं का तुम्हाला? नाही ना?”

“पुरे झालं,” काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. उलट आवाज समजुतीचा होता. “मेघना, तू शिकलेली आहेस, चांगलंच आहे. पण अजून या घरात यायची आहेस. मी तीस वर्षं या ओट्यावर स्वयंपाक केलाय. झटके मीही खाल्लेत, आणि मला कुणी पाट दिला नव्हता. बायकांना एवढं तेवढं चालतं. निरंजन, कर बाबा पूर्वीसारखं. भिंतींना पाणी मारायचं राहिलंय.”

बायकांना एवढं तेवढं चालतं. त्यांच्या या बोलण्यानं मला त्यांचा राग यायला हवा होता, पण तेवढाही आला नाही. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, ऊबदार, मायेचा, आणि तो मला झटकून टाकावासा वाटत होता. मी खांदा आकसून घेतला.

त्यानंतर अर्ध्या तासानं मी साखरपुड्याची अंगठी काढून टीव्हीशेजारी ठेवली. निरंजनला आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाला, “एका प्लगपायी? मेघना, लोकांना काय सांगणार आहेस?”

“हेच सांगणार आहे. तू केलंस ते,” मी म्हटलं. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा एकेरीत बोलले, आणि शेवटचंही.

“बोर्ड बदलू. लग्न झाल्यावर बदलू. मी शब्द देतो.”

“वहिनींसाठी तीन वर्षांत का नाही बदललास?”

यावर तो जे म्हणाला ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मी रचून सांगतेय. तो म्हणाला, “वहिनींनी कधी मागितलंच नाही.”

काकू मागून धावत आल्या. मला वाटलं समजूत घालतील. त्यांच्या हातात पाट होता. “दिलेली वस्तू परत ठेवून घ्यायची नसते आमच्यात. हा घेऊन जा.” मी घेतला नाही. चालत स्टँडवर गेले.

घरी आई दोन दिवस जेवली नाही. पत्रिका छापायला टाकल्या होत्या, कार्यालय ठरलं होतं. वडील वीज मंडळात लाईनमन होते, चोवीस वर्षं खांबांवर चढलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, एक अर्थिंगचा आणि एक डबीचा, आणि म्हणाले, “बरं केलंस.” बाकी सांगलीपासून विट्यापर्यंत माझं नाव ‘प्लगवरून लग्न मोडणारी’ असं झालं. चार वर्षं मला स्थळ आलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

या सगळ्याला आता अठरा वर्षं होऊन गेली. दर वर्षी नव्या तुकडीला घरातली वायरिंग शिकवायला घेतली की पहिल्या दिवशी मी ही गोष्ट सांगते. स्वयंपाकघराचा पॉइंट कुठं काढायचा, सिंकपासून किती लांब, गॅसपासून किती लांब, हे फळ्यावर काढते आणि मग विट्याची गोष्ट सांगते. डबी कशी खट्कन पडली, घर कसं गप्प झालं, तिथं मुलं श्वास रोखून ऐकतात. मी अंगठी टीव्हीशेजारी ठेवली म्हटलं की टाळ्या पडतात. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वाजवतात. मी खडू खाली ठेवते आणि तास संपवते.

डबी पडली आणि अंगठी ठेवली, यांच्यामध्ये अर्धा तास होता. त्याबद्दल एकाही मुलानं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

काकू सोप्यावर गेल्या, निरंजन बॅटरी आणायला गेला. स्वयंपाकघरात मी आणि वहिनी दोघीच होतो. वहिनी पाटावरून उतरल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता रडतील, आता म्हणतील की मलाही ने इथून.

“मेघना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पूर्वीसारखं करून दे गं.”

“वहिनी, कळलं ना तुम्हाला मी काय सांगितलं ते?”

“कळलं. सगळं कळलं. पण दोन वाजता हे जेवायला येतात. वाटण व्हायचंय, टाकी भरायचीय, आणि हे आल्यावर लाईट नसली तर…” त्यांनी दाराकडं बघितलं. “तू संध्याकाळच्या गाडीनं जाशील. मला इथंच राहायचंय. सकाळ-दुपार-संध्याकाळ ती लाईट जाणार, आणि आता आणखी एक होणार, की हिनंच बाहेरच्या पोरीला शिकवलं. तू नीट करून दे. तुझे हात जोडते.”

आणि त्यांनी खरोखर हात जोडले.

मी म्हणू शकले असते की करणार नाही. मी हेमंतदादा येईपर्यंत थांबू शकले असते. त्यांना समोर बसवून टेस्टर दाखवू शकले असते. तो बोर्ड अख्खा उपसून टाकू शकले असते. पण खरं सांगायचं तर मला तिथून निघायचं होतं. मला त्या घराची, त्या ओल्या भिंतीची, त्या मायेच्या हाताची इतकी किळस आली होती की एक मिनिटही जास्त थांबायचं नव्हतं, आणि वहिनींची सुटका एका मिनिटात होण्यातली नव्हती.

मी माजघरात गेले आणि मेन पाडला. निरंजननं बॅटरी धरली. त्या दोन वायरी मी डबीतून सोडवल्या आणि होत्या तिथं, डबीच्या बाहेर, परत लावल्या. टोकं सरळ केली, स्क्रू आवळले. मग मुलांना शिकवते तसं दोन्ही वायरी एकदा ओढून बघितल्या, सैल राहू नयेत म्हणून. मेन चालू केला. डबीचा पडलेला खटका वर केला, तसा टीव्ही लागला, मोटर लागली, आणि आत वहिनींनी वाटण सुरू केलं.

निरंजननं बॅटरीच्या उजेडात जोडणी निरखून पाहिली.

“वा,” तो म्हणाला, “हात मात्र सफाईदार आहे हं तुझा.”